घाटात किती देते?

घाटमाथ्यावरच्या सांगवड गावात दिगंबरशेठ नावाचा एक गाडीविक्रेता होता. त्याच्या शोरूममध्ये एक छोटी एसयूव्ही आली. दिसायला रुबाबदार, उंच, समोरून अगदी वाघासारखी. तिच्यापेक्षा रुबाबदार होती ती दारावरची पाटी. पाटीवर हातभर अक्षरांत लिहिलं होतं: एका लिटरला बावीस किलोमीटर! त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत आणखी काहीतरी होतं. ते कुणी वाचलं नाही, आणि वाचावं अशी शेठचीही इच्छा नव्हती.

गिऱ्हाईक आलं की शेठ त्याला चक्कर मारायला नेई. घाट उतरताना एसी बंद ठेवी आणि समोरच्या पडद्यावरचा आकडा दाखवी. उतारावर आकडा सव्वीसपर्यंत जाई. गाडी वळवून चढाला लागली, की शेठ पडद्यावर नकाशा लावी आणि गिऱ्हाइकाच्या मुलाबाळांची चौकशी करी.

भातगिरणीचे मालक गुलाबराव थोपटे यांनी पहिली गाडी घेतली. चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, गावभर पेढे वाटले. मागच्या काचेवर ‘आईचा आशीर्वाद’ लिहून घेतलं. आठ दिवसांनी त्यांनी टाकी काठोकाठ भरली, गाडी चालवली, पुन्हा काठोकाठ भरली आणि भागाकार केला. तेरा! पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेराच आले.

संध्याकाळी स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर मंडळींनी विचारलं, “काय गुलाबराव, किती देते?”

हा प्रश्न आपल्याकडे कुणाला चुकलाय? माणूस नवी गाडी घेऊन आला, की तो कसा आहे हे नंतर, गाडी किती देते हे आधी विचारतात. गुलाबरावांनी पेढे वाटले होते. शेजाऱ्याच्या जुन्या गाडीला डबडं म्हणून हसलेही होते. आता तेरा कोणत्या तोंडाने सांगणार?

“पडतंय की बावीस!” ते म्हणाले. “घाटात बी एकवीसच्या खाली येत न्हाई.”

ते ऐकून केंजळे गुरुजींनी गाडी घेतली. त्यांनाही तेराच पडले. जन्मभर पोरांना गणित शिकवलेल्या या माणसाने टपरीवर सांगितलं, “बावीस.” मग कंत्राटदार रेणुसेंनी घेतली. त्यांना बाराच पडले, पण त्यांनी तेवीस सांगितले, कारण गुरुजींपेक्षा कमी सांगणं त्यांना कमीपणाचं वाटलं. प्रत्येकाला वाटे, फक्त आपलीच गाडी वाईट निघाली. प्रत्येक जण मान वर करून खोटं बोले आणि घरी जाऊन गुपचूप एसी बंद करून गाडी चालवी. याला काय म्हणावं! फसवलं एकाने, आणि त्याचा डंका फसलेलेच पिटत होते, तोही फुकट.

घाटाखालच्या वाड्यावस्त्यांवर नलिनीबाई ढेबे नावाची परिचारिका काम करत होती. तिकडे रुग्णवाहिका वेळेवर पोचत नसे. रुग्णालय आणि पेट्रोल पंप दोन्ही वर सांगवडला, बेचाळीस किलोमीटरवर. म्हणून तिने वीस वर्षांच्या नोकरीतून साठवलेले पैसे काढून गाडी घ्यायचं ठरवलं. शेठच्या पाटीवर तिचा विश्वास नव्हता. बाई हुशार होती. तिने टपरीवर येऊन तिघांना वेगवेगळं विचारलं. तिघांनीही छातीठोकपणे बावीस-तेवीस सांगितले, तेव्हा तिने गाडी घेतली.

गाडी घेऊन पंधरवडाही झाला नव्हता. एका दुपारी धनगरवाड्यावरच्या हिराला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. मूल आडवं होतं. टाकीत तीन लिटर पेट्रोल होतं. नलिनीबाईने मनात मांडलं: बावीस त्रिक सहासष्ट, जायचंय बेचाळीस. पुरून उरेल. तिने हिराला मागच्या सीटवर निजवलं, तिच्या सासूला शेजारी बसवलं आणि गाडी सोडली.

चढ लागला तसा लाल दिवा लागला. रुग्णालय सहा किलोमीटर राहिलं असताना, घाटाच्या ऐन वळणावर, गाडी दोन आचके देऊन बंद पडली.

भर उन्हात हिरा ओरडत होती. तिची सासू रस्त्याच्या मधोमध उभी राहून भणाणणाऱ्या वाऱ्यात लुगडं हलवत होती. अर्धा तास एकही वाहन आलं नाही. शेवटी दुधाचा टेम्पो आला आणि कॅनांच्या मधे घालून हिराला वर नेलं. मूल वाचलं. हिरा मात्र तीन दिवस जाते की राहते अशी होती. ती वाचली, ते तिचं नशीब आणि डॉक्टरांची शर्थ.

चौथ्या दिवशी नलिनीबाई टपरीवर आली. तिघेही तिथेच होते.

“एकच विचारते,” ती म्हणाली. “किती देते?”

गुरुजींनी वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरलं. रेणुसे चहाच्या रिकाम्या पेल्यातून चहा प्यायला लागले. घाटातली गोष्ट गावात सगळ्यांना कळली होती.

“तेरा,” गुलाबराव हळूच म्हणाले.

“माझीबी बारा,” रेणुसे पुटपुटले. गुरुजींनी पेपरामागूनच मान डोलावली.

“कधीपासून ठाऊक होतं?”

“पयल्या आठवड्यापास्नं,” गुलाबराव म्हणाले. “फसलो, हे सांगायची लाज वाटली, सिस्टर.”

“तुमची लाज मी टाकीत भरून निघाले होते, गुलाबराव.”

गुलाबराव उठले आणि तडक शोरूमवर गेले. तावातावाने त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं. दिगंबरशेठला काडीचा संकोच वाटला नाही. त्याने बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. “कंपनीच्या चाचणीतला आकडा आहे, सपाट रस्त्यावरचा. वाचा. आणि गुलाबराव, मी पाटी लावली. गाड्या तुम्ही विकल्यात.”

संतापाने लाल झालेले गुलाबराव तसेच माघारी वळले. कारण तो लबाड माणूस एवढं एकच वाक्य खरं बोलला होता.

त्याच संध्याकाळी ते रंगाऱ्याकडे गेले. दुसऱ्या दिवशी भर बाजारात त्यांची चकचकीत गाडी उभी होती. मागच्या काचेवर ‘आईचा आशीर्वाद’च्या खाली पिवळ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: घाटात तेरा देते. मी खोटं बोललो होतो.

माणसं हसली. गुलाबरावांनी हसू दिलं. आठवडाभरात गुरुजींच्या आणि रेणुसेंच्या काचाही रंगल्या. महिन्याभरात शेठच्या दारावरची पाटी उतरली, कारण ती वाचून आत जाणारं कुणी उरलं नव्हतं.

तात्पर्य: लबाडाचं खोटं त्याच्या पाटीपुरतंच असतं, फसलेल्यांनी लाजेपोटी तेच सांगितलं, की ते गावभर पसरतं. फसलात तर गप्प बसू नका आणि मिरवू तर मुळीच नका. तुमची अब्रू झाकण्यापायी दुसऱ्याचा जीव घाटात अडकतो.