वस्तादाची लेक आणि गोवराची लस

गावच्या तालमीत वस्ताद मी. घरात वस्ताद कोण, ते ऐका.

पलीकडच्या गल्लीत गोवर आला, तशी माझी बायको सुगंधा लेकीला लस टोचायला घेऊन निघाली. मी उंबऱ्यात आडवा उभा राहिलो.

"लशीत गोवरच असतोय म्हणं, अर्धमेला करून भरलेला! धडधाकट पोरीच्या अंगात रोग घालतीस? पैलवानाचं रक्त हाय ते. येऊ दे गोवर, घेईल की ती बघून!"

सुगंधानं खुंटीवरची तालमीची किल्ली काढून कमरेला खोचली.

"हे काय?"

"तालीम बंद. धडधाकट पोरांना रोज हलक्या गड्याशी कशाला झुंजवता? पैलवानच हायती. सोडा थेट मैदानात, घेतील बघून!"

"अगं, आधी हलक्या गड्याबरोबर डाव शिकला नाही, तर मैदानात मान मोडंल पोराची!" मी गरजलो, आणि माझं मलाच ऐकू आलं.

"मग व्हा बाजूला," सुगंधा म्हणाली.

दवाखान्यात लेक जराशी रडली आणि गप्प झाली. तालमीचे वस्ताद तेवढे डोळे गच्च मिटून विचारत होते, "झालं का गं?"