नववी फिल्म

"...पण सर, यात विचारायचं काय? चारच तुकडे आहेत ना!"

डॉ. निनादनं एक्स-रेवर टिचकी मारली. खांदा अंबूमावशीचा. गल्लोगल्ली फिरून बांगड्या भरणारी बाई, जिन्यावरून घसरली. चार तुकडे म्हणजे सांधा काढून नवा बसवायचा, असं निनादचं पक्कं. उद्याचं ऑपरेशनही त्यानं ठरवून टाकलेलं.

गडी परीक्षेत पहिला आलेला. इतका ताठ, की मानेला पट्टा लावलाय वाटावं.

तासगावकर सरांनी चाळीस वर्षं हाडं जोडली होती. त्यांनी बशीतला चहा फुर्रकन ओढला आणि एक चिठ्ठी सरकवली.

"याच फिल्मवर एकाचं मत. वाच."

'तीन तुकडे. ऑपरेशन नको. हात झोळीत बांधा.'

निनाद खो खो हसत सुटला. "कुठल्या गाढवानं लिहिलंय हे?"

"गाढव नको म्हणू. हुशार पोरगा आहे."

"डोळे तपासा त्याचे!"

"खाली सही बघ."

...

सही निनादची होती.

"सोमवारी वीस फिल्म दिल्या होत्या तुला, नावांवर चिकटपट्टी लावून. त्यातली ही नववी."

निनादचं तोंड एवढंसं झालं. फिल्म तीच, डोळे तेच. आज गुरुवार. मधे झालं तरी काय?

सरांनी खणातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. त्याच फिल्मवर सगळ्या डॉक्टरांची मतं. कुणाचे दोन, कुणाचे तीन, कुणाचे चार. त्यात दोन चिठ्ठ्या सरांच्याच. एकीवर तीन, एकीवर चार.

"सर... तुम्हीपण?"

फुर्र.

"मग खरं काय? उद्या मी मावशीला कापू की नको?"

सरांनी एक्स-रेमागचा दिवा बंद केला. फिल्म काळी ठिक्कर.

"बांगडी कुठल्या हातानं चढवते ती?"

"...ते नाही विचारलं."

चार दिवस खांदा बघत होता पठ्ठ्या. मावशीशी बोललाच नव्हता.

गेला वॉर्डात. अर्ध्या तासानं आला तो उजवा हात पाठीमागं लपवून.

"दाखव," सर म्हणाले.

मनगटात हिरवीगार बांगडी. निघता निघेना.

"डाव्या हातानं चढवते, सर. मोडलाय तो उजवा. त्यानं नुसतं गिऱ्हाइकाचं मनगट धरते, मांडीवर. झोळीतून बोटं बाहेर काढून माझंच धरलं! म्हणाली, 'हात मांडीपर्यंत पोचला तरी माझं भागतंय, डॉक्टर. मला काय आभाळाला लावायचाय?'"

"मग? तीन की चार?"

निनादनं फिल्मकडं बघितलं. मग बांगडीकडं.

"नक्की सांगता येत नाही, सर. उद्याचं ऑपरेशन थांबवतो. सगळे बसून परत बघू... मावशीलापण बोलावू."

सरांनी बशी खाली ठेवली.

"हं. आता लाव दिवा."