धबधब्यामागची भट्टी

मे महिन्याची चार तारीख. सकाळी धुकं, दुपारी चिमुकल्या गारा, मग लख्ख ऊन.

उत्तरेकडच्या बर्फाळ देशात सिग्नी नावाची एक मुलगी राहायची. तिला आई नव्हती. बाबा मासे धरायचे आणि रोज तिच्या वेण्या घालायचे. पण एकदा धबधब्यामागच्या गुहेतून त्यांनी सोन्याची अंगठी उचलून आणली. ती होती ग्रिमूर नावाच्या बुटक्या लोहाराची. "नेणाऱ्याचे हात दगड होवोत!" असं तो ओरडला, आणि बाबांचे हात दगडाचे झाले. मग ना जाळं ओढता येई, ना वेणी घालता येई. घरात उरली फक्त जवाची अर्धी भाकरी.

त्या चार तारखेला, गारा थांबून ऊन पडल्यावर, ती भाकरी आणि अंगठी घेऊन, मोकळे केस सावरत सिग्नी गुहेत आली.

"बुटकेआजोबा, ही घ्या तुमची अंगठी. बाबांचं चुकलं. शाप मागे घ्या ना!"

गार पडलेल्या भट्टीपाशी ग्रिमूर कुडकुडत बसला होता. "नाही जमत आता. शाप दिला आणि माझी आगच विझली. बघतेस काय? दाढीत बर्फ झालाय माझ्या!"

सिग्नीने भाकरी त्याच्या पुढ्यात ठेवली. "खा. गार आहे, पण गोड लागते."

ग्रिमूरने पहिला घास घेतला आणि धबधब्याचे तुषार चमचमले. जांभळ्या, केशरी, पोपटी रंगांतून एक इवलीशी परी उतरली.

"बाळ, एक इच्छा माग. पण स्वतःसाठी नको, आणि आपल्या माणसासाठीही नको."

सिग्नीचे डोळे भरून आले. तिला तर एकच गोष्ट हवी होती. तिने थरथरणाऱ्या ग्रिमूरकडे पाहिलं.

"मग आजोबांची भट्टी पेटू दे. त्यांना फार थंडी वाजतेय."

भप्पकन सोनेरी ज्वाळा उठल्या. ग्रिमूर उडी मारून उभा राहिला आणि अंगठी त्याने आगीत टाकली.

"अगं वेडे, आम्हा लोहारांचा शब्दसुद्धा लोखंडासारखा असतो. तापल्याशिवाय वळत नाही! हा बघ, वितळला शाप."

परी हसली, आणि धबधबाभर उजेड करून त्यातच विरून गेली.

संध्याकाळी बाबांचे दोन्ही हात मऊ झाले. त्यांनी सिग्नीच्या दोन वेण्या घातल्या. उजवी जराशी सैल होती.