टिटवीने दाखवलेले घरटे

बालमित्रांनो, डोंगराच्या पायथ्याशी एक जंगल होते, जंगलात एक तळे होते आणि त्या तळ्याच्या काठी एक टिटवी राहत असे. टिटवी मोठी संशयी. पान हलले तरी ती ओरडे, सावली सरकली तरी ओरडे आणि बराच वेळ काहीच घडले नाही, तर काहीच कसे घडत नाही म्हणूनही ओरडे. बाकीचे प्राणी तिला हसत. पण तिच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते? तिचे घरटे झाडावर नव्हते, उघड्या जमिनीवर खड्यांच्या मधोमध होते. अंडीसुद्धा खड्यांसारखीच ठिपक्याठिपक्यांची. कोणी त्या बाजूला फिरकले की टिटवी भलतीकडेच पळत जाई आणि पंख मोडल्याचे सोंग करून गळा काढी. येणारा तिच्या मागे लागे, हात हलवीत परत जाई आणि अंडी सुखरूप राहत.

त्या वर्षी ऊन फारच कडक पडले. खडे तापले, तशी अंडीही तापू लागली. टिटवी तळ्यात जाऊन पोटाची पिसे भिजवून येई आणि ओल्या पिसांनी अंड्यांना गारवा देई. पण तळे रोज थोडे थोडे मागे सरकत होते. पाण्यापासून घरट्यापर्यंत येता येता तिची पिसे निम्मी वाळून जात. तळे असेच आटत गेले, तर पिल्ले अंड्यातच भाजून जातील, या विचाराने ती आणखी वेगाने खेपा घाली. शिवाय कडक ऊन आधीही पडले होते. मग तळे यंदाच एवढे का आटावे? तिच्या मनात पाल चुकचुकली.

याच दिवसांत जंगलाच्या सरपंचाची निवडणूक आली. तिथली रीत साधी होती. प्रत्येक उमेदवार एकेका झाडाखाली उभा राही आणि ज्याला जो पटे, तो त्याच्या झाडाच्या सावलीत जाऊन थांबे. म्हातारा गवा उंचवट्यावरून पाही आणि ज्याची सावली जास्त भरली असेल त्याचे नाव पुकारी. या खेपेला जांभळाखाली कोल्हा उभा राहणार होता आणि करंजाखाली कासव.

कोल्ह्याने प्रचाराचा नुसता धुरळा उडवून दिला. "मित्रहो, आपलं तळं आटतंय. मला रात्र रात्र झोप नाही!" असे म्हणून तो डोळे पुशी. मग सगळ्यांना पूर्वेच्या बोडक्या माळावर घेऊन जाई आणि रोपे लावायला सांगे. पहिला खड्डा तो स्वतः उकरी, निदान सगळे पाहत असेपर्यंत तरी. ससे, हरणे, माकडे, सगळे घामाघूम होऊन माती उकरत आणि आपण केवढे मोठे काम करतो आहोत म्हणून एकमेकांची पाठ थोपटत.

"भर उन्हात लावलेल्या या रोपांना पाणी कोण घालणार?" टिटवीने विचारले.

"टिटवीताई, चांगल्या कामात खोट काढायची तुमची सवय काही जात नाही," कोल्हा हसून म्हणाला. "पाणी आपण निवडून आल्यावर घालू."

कासवाचे भाषण मात्र अगदीच फिके झाले. ते म्हणाले, "तळ्याला पाणी देणारा पश्चिमेचा झरा नीट असेल तर तळं नीट राहील. मला निवडून दिलंत तर झऱ्याकडे जाऊन बघेन."

"अजून गेला का नाहीत मग?" टिटवीने त्यालाही सोडले नाही.

"नाही गेलो. चुकलंच माझं," कासव म्हणाले.

"आणि तिथवर पोहोचेपर्यंत पुढची निवडणूक येईल!" माकड ओरडले आणि हशा पिकला. कोल्हा मात्र हसला नाही. झऱ्याचे नाव निघताच त्याने चटकन शेपूट उडवली आणि दुप्पट आवाजात सगळ्यांना पुन्हा माळाकडे बोलावले.

ते पाहून टिटवी जागच्या जागी थबकली. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. जिथे घरटे नाही तिथे गळा काढायचा, म्हणजे घरट्याकडे कोणी पाहत नाही, ही युक्ती तिने आयुष्यभर वापरली होती. "हा माळावर गळा काढतोय," ती स्वतःशी म्हणाली. "मग याचं घरटं कुठे आहे?"

निवडणुकीच्या दिवशी सकाळीच ती कोणालाही न सांगता पश्चिमेच्या झऱ्याकडे उडाली. झऱ्याकाठचे लव्हाळे मुळासकट उपटलेले होते. रानडुकरांनी कंदांसाठी सगळा काठ उकरून टाकला होता, ती माती झऱ्याच्या तोंडात बसली होती आणि तळ्याकडे जाणारे पाणी वाटेतच चिखल होऊन पसरले होते. त्या चिखलात डुकरांचा कळप आरामात लोळत होता.

"जरा बेताने उकर रे!" एक सुळेवाला डुक्कर दुसऱ्याला दटावत होता. "कोल्हेदादांनी काय सांगितलंय? आज आपण सगळ्यांनी जांभळाखाली उभं राहायचं. ते निवडून आले की अख्खा झरा आपलाच."

टिटवी जीव खाऊन परत उडाली. तळ्याकाठी सगळे जमले होते, सावल्या भरायला लागल्या होत्या. तिने पाहिलेले सगळे ओरडून सांगितले. क्षणभर सगळे कोल्ह्याकडे वळले. पण कोल्हा डगमगला नाही.

"मित्रहो," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "टिटवीताई जिकडे ओरडतात तिकडे तुम्हाला कधी काही सापडलंय का?"

सगळे चपापले. "खरंच की," मुंगूस म्हणाले. "हिच्या मोडक्या पंखामागे मी किती वेळा धावलोय!"

"मीसुद्धा फसलोय," साळिंदराने मान डोलावली. "ही झरा दाखवतेय म्हणजे हिला काहीतरी दुसरंच लपवायचंय."

ते खोटे बोलत नव्हते. आता तिचे कोणी का ऐकावे? गुपचूप घरट्याकडे निघून जाणे सोपे होते. पण गप्प बसले तर अंडी उन्हाने जाणार होती, आणि बोलायचे तर आता शब्दांनी भागणार नव्हते. जन्मात कधी न केलेली गोष्ट तिने केली. "या माझ्याबरोबर," ती म्हणाली आणि न ओरडता, पंख न पाडता, सरळ घरट्याकडे चालत गेली. सगळी जत्रा तिच्या मागे निघाली.

"बघा," ती खड्यांजवळ थांबून म्हणाली. "हे माझं घरटं. ही माझी अंडी. मुंगूसभाऊ, तुम्ही नीट बघून घ्या. साळिंदरकाका, तुम्हीही बघा. माझ्याकडे लपवण्यासारखं होतं ते एवढंच. आता कोल्हेदादांना म्हणावं, तुमचंही दाखवा."

मुंगसाने मान खाली घातली.

"आधी मतदान उरकून घेऊ," कोल्हा घाईघाईने म्हणाला. "झरा काय, उद्याही बघता येईल."

"आधी झरा," म्हातारा गवा म्हणाला आणि चालू लागला.

झऱ्यावर पोहोचल्यावर सगळ्यांना सांगण्यासारखे काही उरलेच नाही. हरणे चिखलाकडे नुसती पाहत राहिली. माळावर रोपे लावून लावून सशांच्या पंजांना फोड आले होते. ते आता रडकुंडीला आले.

"अरेरे! मला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं," कोल्हा म्हणाला.

"असं काय करता दादा?" चिखलातून सुळेवाला डुक्कर गोंधळून म्हणाला. "परवा इथे बसून तुम्हीच तर सगळं ठरवलंत!"

परत आल्यावर मतदान झाले. जांभळाच्या सावलीत डुकरे उभी राहिली आणि कोल्ह्याने फळे द्यायचे कबूल केलेली काही माकडे. करंजाची सावली मात्र पुरेना, हरणे उन्हात उभी राहिली. गव्याने कासवाचे नाव पुकारले आणि एकच जल्लोष झाला.

टिटवी जल्लोषाला थांबली नाही. ती धावत घरट्याकडे गेली. एक अंडे नाहीसे झाले होते. झऱ्याकडे जाताना गर्दीतून कोण मागे रेंगाळले, कोणाला माहीत! कोल्हा? मुंगूस? आज जल्लोष करणाऱ्यांपैकीच कोणी? तिने काठावरच्या एकेका तोंडाकडे पाहिले आणि तिला कोणाचाच भरवसा वाटेना. तिला फार रडू आले. पण उरलेली अंडी तापत होती. ती पाण्यावर गेली, पोट भिजवून आली आणि अंड्यांवर बसली.

थोड्या वेळाने कासव तिथे आले. "टिटवीताई, तुम्ही आज जंगल वाचवलंत."

"अजून वाचलेलं नाही, सरपंच," टिटवी म्हणाली. "झऱ्याच्या तोंडातली माती कधी काढणार?"

"उद्या सकाळीच सुरुवात करतो. वचन देतो."

टिटवीने मान तिरपी करून त्याच्याकडे पाहिले.

"वचन कोल्ह्यानेही दिलं होतं," ती म्हणाली. "तळ्याचं पाणी माझ्या घरट्याकडे परत सरकायला लागलं, की मी तुम्हाला मत दिलं ते बरोबर होतं असं समजेन. तोवर रोज विचारत राहीन."

तात्पर्य : जो एकाच बाजूला फार मोठ्याने बोट दाखवतो, त्याच्या दुसऱ्या बाजूला काय चालले आहे ते स्वतः जाऊन पाहावे. पाहून मगच मत द्यावे, आणि आपला माणूस निवडून आला तरी डोळे मिटून घेऊ नयेत.