पडद्याआडचा लाल रंग

कापड रंगवायला झाडांच्या साली आणि मुळ्याच लागायच्या, त्या काळातली ही गोष्ट. नदीकाठच्या एका नगरात राजाची मोठी रंगशाळा होती. तिथे रंगारी पुष्कळ, पण नाव घ्यावं अशी दोघंच. बयाजी लाल काढायचा आणि तुळसा निळा.

बयाजीचा लाल असा, की पिकल्या मिरचीनं मान खाली घालावी. पण तो काढताना बयाजी पडदा लावून घ्यायचा. कुणी डोकावलं तर म्हणायचा, "माझी कृती मला ठाऊक. ती माझ्यापाशी आहे तोवर माझी भाकरीही आहे."

तुळसाचं सगळं उघड्यावर. निळीच्या रांजणापाशी जो येईल त्याला ती बसवून घ्यायची. "आधी वास घे. आंबूस आला म्हणजे नीळ तयार झाली. कापड बाहेर काढलंस की हिरवं दिसेल, घाबरू नकोस. वारा लागू दे, आपोआप निळं होतं."

शेजारणी तिला म्हणत, "अगं, सगळंच शिकवून मोकळी झालीस तर उद्या तुला कोण विचारणार?"

तुळसा हसण्यावारी न्यायची. पण ही भीती तिच्या मनात नव्हतीच, असं नाही. शेती सोडून आलेला शिरपा नावाचा गडी तिच्या हाताखाली शिकला आणि बघता बघता असा निळा काढू लागला, की एकदा बाहेरगावचा व्यापारी त्यानंच रंगवलेलं कापडाचं ठाण हातात घेऊन म्हणाला, "वा, तुळसाबाई! आजवर तुमच्या हातून असा निळा उतरला नव्हता."

तुळसाला शेजारणींचं बोलणं आठवलं. ती गप्प राहिली असती तर कुणाला कळलंही नसतं. शिरपाही बोलला नसता.

"माझ्या नव्हे, शेठजी," ती म्हणाली. "हा शिरपाचा हात. आता मलाच त्याच्याकडून शिकावं लागेल."

हे बोलणं जितकं जड जाईल असं वाटलं होतं, तितकं गेलं नाही.

त्याच सुमारास बातमी आली, की डोंगरापलीकडच्या शहरात राजा नवी रंगशाळा उघडणार आणि तिचा प्रमुख इथल्याच रंगाऱ्यांतून निवडणार. दारात घोडा, दरबारात बसायचा मान. सगळे म्हणाले, बयाजीच जाणार. बयाजीनं तर नवं पागोटंही घेऊन ठेवलं.

आणि नेमका दसऱ्याच्या तोंडावर तो तापानं अंथरुणाला खिळला. राजवाड्यावर चढवायची लाल निशाणं रंगवायची तशीच राहिली. तुळसा त्याच्या घरी गेली.

"बयाजीदादा, कृती तेवढी सांगा. निशाणं तुमच्याच नावानं जातील."

बयाजीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. "आज कृती मागतेस, उद्या जागा मागशील."

तुळसानं वाद घातला नाही. त्याच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवला आणि ती परतली. जवळच्या काही जणांना घेऊन, सुचेल तसा तिनं स्वतःच लाल काढायला घेतला. मंजिष्ठेच्या मुळ्या कुटल्या, खूप उकळल्या. पहिला रंग निघाला विटेसारखा, दुसरा कांद्याच्या सालीसारखा. दसरा आला तरी लाल काही साधला नाही.

राजाचे दिवाणजी निशाणं न्यायला आले, तेव्हा बाकीचे खांबांआड सरकले. तुळसा पुढे झाली.

"दिवाणजी, लाल जमला नाही. निघाला तो हा असा. बयाजीदादा आजारी आहेत, त्यांना बोल लावू नका. रंग मी काढला, फसलाही माझ्याच हातून."

दिवाणजींनी विटकरी निशाण उलटसुलट करून पाहिलं. मग त्यांची नजर अंगणात गेली. दोऱ्यांवर निळी ठाणं वाळत होती.

"तू तर इतके दिवस लालाच्या मागे होतीस. मग हा निळा कुणी काढला?"

"या सगळ्यांनी."

"तुला न विचारता?"

"आधी यायचे विचारायला. मग येईनासे झाले," तुळसा म्हणाली. हे सांगताना आपला ऊर भरून येतोय, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

त्या वर्षी राजवाड्यावर जुनी, विरलेली निशाणं चढली. आणि दसऱ्याच्या दरबारात नव्या रंगशाळेची प्रमुख म्हणून तुळसाचं नाव पुकारलं गेलं.

ताप उतरल्यावर बयाजी काठी टेकत दिवाणजींकडे गेला. "सरकार, माझ्यासारखा लाल साऱ्या मुलखात कुणाचा नाही. मग मी का नाही?"

"कुणाचा नाही, म्हणूनच," दिवाणजी म्हणाले. "तुला पाठवलं तर इथला लाल कोण काढील? तू अंथरुणाला खिळलास आणि राजाची निशाणं अडली. बयाजी, तुला इथून हलवताच येत नाही. तू स्वतःच स्वतःला खुंटीला बांधून घेतलंस. तुळसा गेली तरी इथला निळा थांबणार नाही. आणि जाईल तिथे ती आणखी दहा तुळसा उभ्या करील."

बयाजी काठी टेकत आला तसाच परत गेला.

तुळसा निघाली त्या दिवशी सारी रंगशाळा तिच्या बैलगाडीभोवती जमली. बयाजी सगळ्यांच्या मागे उभा होता. तुळसा गर्दीतून वाट काढत त्याच्यापाशी गेली.

"दादा, प्रकृतीला जपा. तुमच्यासारखा लाल मला काही जमला नाही हो."

त्यात टोमणा नव्हता, खरीच हळहळ होती. बयाजीनं खाली बघत पायानं माती उकरली. मग एकदम म्हणाला, "तू पाणी उकळलंस ना?"

"हो. चांगलं खळखळून."

"तिथंच चुकलीस. उकळी फुटली की लाल विटला. बोटाला चटका बसेल, इतपतच तापवायचं." तो दोन पावलं गेला, थांबला, मागे वळला. "असं सांगून नाही कळायचं. चल, दाखवतो. ए शिरपा, तू पण ये."

गाडीवानानं बैल सोडले. त्या दिवशी काही गाडी निघाली नाही.

जुनी माणसं या गोष्टीचं तात्पर्य असं सांगतात: आपल्यावाचून सगळ्यांचं अडावं असं ज्याला वाटतं, तो आपल्याच जागी अडकून बसतो. दुसऱ्याला शहाणं करणाऱ्याला पुढची वाट कुणी अडवत नाही.