कारवीची राखण

फार पूर्वी एका डोंगरावर सात वर्षांतून एकदाच फुलं यायची. कारवीची झुडपं फुलली की अख्खा उतार जांभळा व्हायचा.

पायथ्याच्या गावाचा एक नियम होता. बी धरून कारवी वाळेपर्यंत तिला कोयता लावायचा नाही. वाळलेल्या काठ्यांचे कूड बांधून, वर शेणमाती लिंपून गावाच्या भिंती उभ्या राहत. दर फुलोऱ्याला एक जण राखणीची शपथ घेई. त्या वर्षी पाळी आली भागीची. भागी म्हणजे पान हललं तरी दचकणारी मुलगी.

एके सकाळी राजाचा कारभारी गाड्या घेऊन आला.

"राणीसाहेबांना डोहाळे लागलेत. कारवीच्या फुलांत बसायचंय त्यांना. हो बाजूला!"

भागी लटपटली, पण बाजूला झाली नाही.

"सशाला बसवलंय की काय राखणीला?" कारभारी हसला. "अडवलंस तर गावाबाहेर घालवीन."

भागीला काहीच कळेना. पोटुशीचा डोहाळा मोडला तर पाप, शपथ मोडली तरी पापच. मग देवानं पुण्य ठेवलंय तरी कुठे? आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "मग राणीसाहेबांनाच इकडे आणा ना!"

बोलल्यावर तिची तीच दचकली.

"तुझ्याशी नंतर बघतो," म्हणत कारभारी समोरच्या डोंगरावर गेला. तिथेही कारवी फुलली होती; तिथला राखणदार दरडावल्याबरोबर बाजूला झाला. गाड्या भरल्या. पण राजवाडा येईपर्यंत फुलांचा काळपट चोथा झाला. तो पाहून राणीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं खोदून विचारलं, तेव्हा कारभाऱ्यानं खाली मान घालून सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी राणीची पालखीच भागीच्या डोंगरावर आली, मागून कारभारीही आला. राणी फुलांत बसली. खूप वेळ हसली. मग एक फूल तिच्या मांडीवर गळून पडलं.

"ही उद्या असतील?"

"थोडी असतील. चार दिवसांनी एकही नाही," भागी म्हणाली.

"गळायचीच होती, तर कापू दिली असतीस. काय बिघडलं असतं गं?"

भागी गोंधळली. हे तर तिनं स्वतःलाही रात्रभर विचारलं होतं.

"मला नीट सांगता येत नाही, राणीसाहेब. फुलं जातातच. पण गेल्यावर बी धरतं, काठी पक्की होते. कोवळी कापली तर बीही नाही आणि काठीही नाही. आणि... मी हो म्हटलं होतं ना गावाला."

राणीनं कारभाऱ्याकडे नुसतं पाहिलं. त्यानं मान वळवली.

उन्हाळ्यात भागीच्या गावात नव्या भिंती उभ्या राहिल्या. समोरचा डोंगर मात्र बोडका होता. एक दिवस तिथला राखणदार काठ्या मागायला आला. भागीनं चार मोळ्या काढून दिल्या.

तो तिथेच घुटमळला. "भागे, तू त्या दिवशी घाबरली नव्हतीस का गं?"

"घाबरले होते की! अजून आठवलं तरी पाय कापतात," भागी म्हणाली, आणि पहिली मोळी तिनं स्वतःच त्याच्या डोक्यावर चढवली.

तात्पर्य: फुलांचा बहार चार दिवसांचा; पण दिलेला शब्द घाबरत घाबरत पाळला, तरी त्याच्या आडोशाला माणसं वर्षानुवर्षं राहतात.