लिंपलेला डोंगर

माझी शाळा अर्ध्यावर सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, शब्द साधे वाटले, तर माफ करा. पण गोष्ट शेवटपर्यंत वाचा.

खूप जुन्या काळी एका उभ्या डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. एका उन्हाळ्यात गावाच्या वरच्या अंगाला डोंगराला भेग पडलेली दिसली.

त्याच सुमारास पाटलाच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. भेग पाहिली तर या गावची मुलगी कोण करणार? पाटलाने हुकूम सोडला, "माती भरा आणि वर हरळी लावा." सगळं गाव पाट्या घेऊन राबलं. लग्नाच्या मुली घरोघरी होत्या. शहाणपण मात्र त्या दिवशी कोणाच्या घरी नव्हतं.

एकटी पाटलाची थोरली बहीण, अक्का, संतापली. "डोंगर काय नवरी आहे रे, हळद फासून बसवायला? भेग उघडी ठेव. वाढते का ते रोज बघ. आणि पावसाआधी घरं ओढ्यापलीकडच्या माळावर हलव."

"अक्का, तू डोंगराचीच सोयरीक जमवायला निघालीस की काय?" पाटील म्हणाला. लोक खो खो हसले.

सोयरीक ठरली. पाऊस लागला. भेग झाकलेली होती, म्हणून ती रुंदावताना कोणालाच दिसली नाही.

एका दुपारी अक्काने वर जाऊन हरळी उपटली. उन्हाळ्यात जिथे मूठ शिरत होती, तिथे आता म्हैस मावली असती. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ती ओरडतच खाली आली, भाचीचा हात धरला आणि जे ऐकतील त्यांना घेऊन माळाकडे निघाली.

पाटलाने धाकट्या भावाला लग्नाच्या धान्यावर राखणीला बसवलं आणि तणतणत तिच्यामागे धावला. उरलेलं गावही तमाशा बघायला मागोमाग निघालं. "माझी शोभा करतेस? पोरीला सोड आधी!"

तो माळावर पोचतो न पोचतो तोच डोंगर सुटला. घरं, गोठे, कणग्या आणि धाकटा भाऊ, सगळं चिखलाखाली गेलं.

"देवाचा कोप झाला गं, अक्का!" पाटील ऊर बडवू लागला.

"देवाचं नाव घेऊ नकोस!" अक्का कडाडली. "देवाने भेग दाखवली होती. झाकली तू." मग ती गावकऱ्यांकडे वळली. "आणि माती तुम्ही वाहिलीत! माझ्या धाकट्याला तुम्ही आज नाही, उन्हाळ्यातच पुरलंत."



दुसऱ्या दिवशी सकाळी पाटील व्याह्यांच्या गावी गेला. ते गावही डोंगराखालीच होतं. दारातूनच तो म्हणाला, "मी तुम्हाला फसवलं. सोयरीक मोडायची तर मोडा. पण आधी माझ्याबरोबर वर चला, तुमचा डोंगर बघू."

लाजेखातर झाकलेलं संकट टळत नाही. ते आपल्या नकळत वाढत राहतं.